नंतर सांगते

पडद्यावरच्या बाईने उजव्या खांद्यावरची नसलेली वेणी धरून हलकेच खाली ओढली, आणि शीतल खुर्चीतून ताडकन उठला.

"अक्का! ही तर तूच!" त्याचे हात म्हणाले.

पद्मजा मगदूम हसली. वेणी ओढायची ही खूण म्हणजे तिचं नाव होतं. शीतल जन्मापासून बहिरा. चालायला लागला तसा थोरल्या बहिणीला हाक मारायची झाली की येऊन तिची वेणी ओढायचा. पुढे लांबून बोलावताना तो हवेतच ओढायला लागला, आणि तीच तिची हाक झाली. पद्मजाने केस कापून कित्येक वर्षं झाली होती. नाव तेवढं राहिलं होतं. जगात तिला या नावाने हाक मारणारा एकच माणूस होता, आणि याचा तिला मनातल्या मनात फार अभिमान होता.

"तिला हे नाव कुणी सांगितलं?" शीतलने विचारलं.

"कुणी नाही. आपल्या जुन्या कॉलमधून शिकली ती."

शीतलने मान डोलावली. पण त्याची नजर पडद्यावर होती. बहीण शेजारी बसलेली असताना तो बहिणीच्या चित्राकडे बघत होता. पद्मजाला काहीतरी बारीकसं टोचलं. तिने तिकडे दुर्लक्ष केलं.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या 'सह्यगिरी पंप्स'ची वेबसाइट पद्मजाच्या हाताखाली होती. नव्या कायद्यानुसार अपंग ग्राहकाला कुणाच्या मदतीशिवाय वापरता येत नाही अशी वेबसाइट कंपनीला चालवता येणार नव्हती. पद्मजाने कामाचा धडाका लावला होता. अंध ग्राहकांसाठी प्रत्येक चित्राचं बोलकं वर्णन झालं. माउसला हात न लावता सगळी बटणं चालू लागली. लाल-हिरवा ओळखू न येणाऱ्यांसाठी रंगांच्या शेजारी शब्द आले, थरथरत्या बोटांसाठी चौकोन मोठे झाले. राहिले होते बहिरे.

"बहिऱ्यांना डोळे असतात की ओ मॅडम," व्यवस्थापक देशिंगे म्हणाले होते. "वाचतील. त्यात काय अवघड आहे?"

अवघड हे होतं की ज्याने मराठी कधी ऐकलीच नाही, त्याला लिहिलेली मराठी ही परकी भाषा असते. त्याची भाषा हातांची, आणि ती मराठी शब्दांना एकेक खूण चिकटवून होत नाही. तिचं व्याकरण हवेत मांडलेलं असतं. विहीर इथे, पंप तिथे, अशी जागा एकदा ठरवली की पाणी कुठून कुठे गेलं हे हाताच्या वाटेनेच कळतं. भुवया वर गेल्या की प्रश्न होतो. खांदा वळला की दुसरा माणूस बोलायला लागतो. आधीची यंत्रं खुणांच्या तयार तुकड्यांची माळ ओवायची. हात बरोबर, चेहरा मेलेला. ऐकणाऱ्यांना रेल्वेची घोषणा वाटते, तसं ते बहिऱ्यांना वाटायचं.

नव्या प्रणालीत तुकडे नव्हते. बोटांचे सांधे, मनगट, भुवया, नजर, खांदे यांच्या हालचालींचा ती एक नकाशा बनवायची, आणि या नकाशात प्रत्येक वाक्य म्हणजे एक वाट असायची. मजकूर दिला की ती नवी वाट काढायची, दोन खुणांमधल्या निसटत्या हालचालींसकट. हजारो माणसांच्या चित्रफितींवरून ती भाषा शिकायची, आणि शेवटी कुणा एकाच्या अंगात शिरायची. मराठी बोलणं आणि त्या एकाने त्याच वेळी केलेल्या खुणा, अशा जोड्या भरपूर हव्यात. आपल्याकडे अशा जोड्या मिळणं मुश्कील.

पण मगदुमांच्या घरात त्यांचा ढीग होता. पद्मजा शिकायला पुण्याला गेली तेव्हा कसबे डिग्रजच्या घरात दुभाषी उरला नाही. आईआप्पांना जेव, झोप, चल, एवढ्याच खुणा यायच्या. मग एक विचित्र पद्धत पडली. आईआप्पा आणि शीतल एकाच खोलीत बसायचे, फोनवर पद्मजा असायची, आणि शेजारी बसलेली आई काय म्हणते हे शीतलला पुण्याहून कळायचं. शीतल प्रत्येक कॉल साठवून ठेवायचा, पुन्हा बघायला. पद्मजाने मागितल्यावर त्याने सगळे आनंदाने देऊन टाकले.

अशी 'मुद्रा' जन्मली. चाचणीपुरती ती कुठल्याही मराठी मजकुराच्या खुणा करून द्यायची, म्हणून पद्मजाने शीतलच्या फोनवरही ती टाकून दिली.

आणि तिचा फोन गप्प झाला.

शीतल मिरजेत चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. आधी दिवसातून पाचसहा वेळा त्याचा चेहरा तिच्या फोनवर उगवायचा. मालक काय म्हणतो विचार. बँकेचं पत्र आलंय, वाच. मीटिंगमधून उठून उठून पद्मजा वैतागायची, "याच्यापायी मला धड चहा पिता येत नाही," असं डब्याच्या वेळी मैत्रिणींना सांगायची. आता तो कागद मुद्रेसमोर धरायचा. पद्मजाला चहा धड पिता येत होता आणि तो गोड लागत नव्हता. स्वतःच्याच हातांवर जळावं, अशी वेळ आली होती.

तरी हे हात निदान स्वतःचे होते. पुढच्या आठवड्यात रुबीना मुजावर आली.

कायद्याप्रमाणे वेबसाइट बहिऱ्या तपासनिसाने पाहायला हवी होती. रुबीना मिरजेच्या मूकबधिर शाळेत शिकवायची. तिचे आईवडीलही बहिरे, त्यामुळे खुणांची भाषा तिची अक्षरशः मातृभाषा. शीतल सुटी टाकून तिच्यासोबत आला, तेव्हा पद्मजाला कळलं की ही दोघं एकमेकांना चांगली तीन वर्षं ओळखतात.

"कधी बोलला नाहीस?" तिने विचारलं.

"तू विचारलं नाहीस," शीतल म्हणाला.

रुबीनाने वीजसुरक्षेचं पान उघडलं. चांगला लांबलचक मजकूर होता. स्टार्टर, अर्थिंग, पेटी उघडताना घ्यायची काळजी. पडद्यावरच्या पद्मजाने वेणी ओढून नाव सांगितलं. मग पंप दाखवला, वीज दाखवली, मेन स्विच दाखवला. आणि मग तळहात हलकेच झटकून ती म्हणाली, "बाकी काही विशेष नाही. नंतर सांगते."

रुबीना क्षणभर थिजली. मग हसायला लागली. तिने शीतलच्या खांद्यावर थाप मारली, पान पुन्हा चालवलं, आणि दोघं पोट धरधरून हसली. त्यांचे हात इतके भरभर चालत होते की पद्मजाला फक्त 'आई', 'जेवण' आणि 'नेहमी' एवढंच कळलं. तिला वाटायचं आपल्याला ही भाषा येते. आता लक्षात येत होतं की शीतल आजवर तिच्याशी हळू बोलत आला होता, पाहुण्याशी बोलावं तसा.

"काय झालं?" तिने मध्येच विचारलं.

शीतल डोळे पुसत तिच्याकडे वळला. तळहात हलकेच झटकला.

"काही विशेष नाही. नंतर सांगतो."

पद्मजाची कानशिलं तापली.

रुबीनाने हसू आवरलं आणि तिच्यासाठी सावकाश, लहान मुलांना शिकवावं तशा स्वच्छ खुणा केल्या. "हे हात ऐकणाऱ्या माणसाचे आहेत. लांबलचक काही आलं की सोडून देतात. बहिऱ्या माणसाचे हात घ्या."

"म्हणजे तुमचे?" पद्मजाने विचारलं.

"चालतील की," रुबीना म्हणाली. तिने ते सहज म्हटलं होतं. पद्मजाला ते सहज वाटलं नाही.

दोष कशाचा हे पद्मजाला त्याच दुपारी उमगलं. यंत्राचं काही चुकलं नव्हतं. घरात चारजण एकदम बोलायला लागले, आप्पांची जमिनीची लांबण लागली, की ती शीतलला काय सांगत होती? काही विशेष नाही, नंतर सांगते. शेकडो कॉलमध्ये हीच जोडी. यंत्राने त्यातून प्रामाणिकपणे नियम काढला होता: लांब आणि गुंतागुंतीच्या मराठीला खुणांच्या भाषेत असं म्हणतात.

त्यावर खरा उपाय एकच होता, दुसऱ्या अंगावर सगळं नव्याने शिकवणं. म्हणजे रुबीनाच्या. पद्मजाच्या डोळ्यांसमोर चित्र आलं: गावोगावचे फोन, त्यांत रुबीनाचे हात, आणि त्यांकडे टक लावून बघणारा शीतल. तो आधीच तिच्याकडे बघतो, आता फोनमध्येही तीच?

तिने दुसरा उपाय केला. 'नंतर सांगते' ही खूण यंत्राला मना केली. पान पुन्हा चालवलं. खूण गेली होती. मजकूर संपल्यावर मुद्रा प्रसन्न हसत होती. मधलं सगळं आलं की नाही हे पद्मजाने फार खोलात जाऊन पाहिलं नाही. पाहायचं नव्हतं म्हणून पाहिलं नाही. रुबीनाने लिहून दिलेल्या शेऱ्यापुढे तिने लिहिलं: किरकोळ, दुरुस्ती झाली.

"मग शुक्रवारी उद्घाटन पक्कं ना?" देशिंगे म्हणाले. "आमदार येणार आहेत. तुमचा फोटो पेपरात, मॅडम. पडद्यावर पण तुम्हीच, पडद्याशेजारी पण तुम्हीच!"

रविवारी ती डिग्रजला गेली. शीतल आधीच आला होता. अंगणात भिंतीला फोन टेकवून तो कुणाशी तरी बोलत होता, आणि कुणाशी हे विचारायची गरज नव्हती. त्याचा चेहरा असा उजळलेला तिने पुण्याच्या दिवसांनंतर पाहिला नव्हता. तेव्हा फोनमध्ये ती असायची.

"कोण ग ती?" आईने आतून विचारलं. "रोज असते. लई गोड हसती."

"कुणी नाही. शाळेतली बाई आहे," पद्मजा म्हणाली.

"शाळेतली म्हणं! मला काय डोळं नाहीत?" आई म्हणाली आणि कांदा चिरायला लागली.

दुपारी आप्पांनी येऊन सांगितलं की विहिरीवरचा पंप चालू होत नाही, नुसता घूं करतो. मिस्त्री रविवारी यायचा नाही. शीतलने बाह्या सरसावल्या. पंप सह्यगिरीचाच होता. विहिरीजवळ जाऊन त्याने फोन कठड्यावर उभा केला आणि मुद्रेवर पंपाच्या दुरुस्तीचं पान लावलं. पद्मजा दोन पावलं मागे उभी राहिली. मला विचारलं असतं तर चाललं नसतं का, असं तिच्या मनात येऊन गेलं.

मुद्रेने झकास समजावलं. पंप घूं करतो म्हणजे बहुतेक कपॅसिटर गेला. मेन स्विच बंद कर. पेटीचे स्क्रू काढ. शीतल एकेक करत गेला. पेटी उघडली. मुद्रा पुढचं सांगायला लागली, आणि एकाएकी तिने नजर किंचित बाजूला वळवली, कानामागे केसांची बट सारली, गोड हसली, आणि म्हणाली, "आता कपॅसिटर बाहेर काढ."

ते पान पद्मजाने स्वतः तपासून दिलं होतं. त्या जागी काय लिहिलं आहे हे तिला तोंडपाठ होतं. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ती साठून राहते, आधी ती उतरवून घ्या, टोकांना हात लावू नका.

शीतलचा हात पेटीत जात होता. पद्मजाने झेप घालून त्याचं मनगट धरलं आणि इतक्या जोरात मागे खेचलं की तो बांधावर बसलाच.

"काय?" त्याने रागाने विचारलं. "काय झालं?"

सांगायचं खूप होतं. कपॅसिटर, साठलेली वीज, शेरा, रुबीना. इतकं लांबलचक, इतकं गुंतलेलं. पद्मजाने नजर बाजूला वळवली. तिचा हात आपोआप वर गेला आणि कानामागे बट सारू लागला.

शीतल बघत राहिला. आधी तिच्याकडे, मग फोनमधल्या तिच्याकडे.

"हेच," तो म्हणाला. त्याचे हात आता तिच्यासाठी हळू चालत नव्हते, पण तिला सगळं कळत होतं. "लहानपणापासून हेच. तू केस मागे घेतलेस की मी समजायचो, अक्काने काहीतरी गाळलं. मी कॉल का साठवायचो माहीत आहे? आईआप्पांशी बोलतानाचे तुझे ओठ पुन्हा बघून, गाळलेलं शोधायला. तू 'नंतर' म्हणायचीस. नंतर कधी आलंच नाही. रुबीना म्हणाली ही खूण काढली तर यंत्र दुसरी वाट काढेल. तिने तुला हे लिहून दिलं नव्हतं?"

"दिलं होतं."

"मग?"

पद्मजाने हात खाली धरून ठेवले. बटेकडे जाऊ दिले नाहीत. "तू तिच्याकडे बघतोस," ती म्हणाली. "मला वाटलं, फोनमध्ये तरी मी राहीन."

शीतल बांधावरून उठला. मग त्याने तिच्या खांद्यावरची, कधीच कापून टाकलेली वेणी ओढली, चांगली हिसका देऊन, लहानपणी ओढायचा तशी. "वेडी," तो म्हणाला. "यंत्राला मी हे नाव देणार होतो का? ते तुझ्याकडून उचललं त्याने. तिथून काढ ते."

दुसऱ्या दिवशी पद्मजाने देशिंग्यांना उद्घाटन पुढे ढकलायला सांगितलं.

"आमदारांना काय सांगू ओ?" ते जवळजवळ रडकुंडीला आले. "सगळं तयार झालंय म्हणालात!"

"सुरक्षेचा मजकूर गळतो आहे आणि ते मी दडवलं, असं सांगा," पद्मजा म्हणाली. "एखाद्या शेतकऱ्याला शॉक बसला तर त्यापेक्षा अवघड काहीतरी सांगावं लागेल." हे बोलताना तिचे दोन्ही हात टेबलावर घट्ट होते.

रुबीनाचं चित्रीकरण शाळेच्या सभागृहात झालं. या वेळी घरगुती कॉल नव्हते. मराठी मजकूर पद्मजा खुणांनी जमेल तसा मांडायची, रुबीना प्रश्न विचारून विचारून तो सोलून घ्यायची, आणि मग आपल्या भाषेत अख्खाच्या अख्खा उभा करायची. कपॅसिटरमध्ये उरलेली वीज तिने अशी दाखवली की पेटीत दबा धरून बसलेलं मांजर डोळ्यांपुढे यावं. पद्मजाला मनापासून वाहवा द्यावीशी वाटली, आणि त्याच क्षणी तो हेवाही पुन्हा वर आला. तो काही गेला नव्हता. तिने दोन्ही गोष्टी असू दिल्या.

जुन्या नकाशातून वेणीची वाट तिने स्वतःच्या हाताने पुसली. नवी मुद्रा नाव सांगत नव्हती. "ते वापरणारे ठरवतील," रुबीना म्हणाली. "आमच्यात नाव असंच मिळतं. आपण आपलं ठेवायचं नसतं."

वेबसाइट सुरू झाली. आमदार आले नाहीत. फोटो पेपरात आला, त्यात देशिंगे होते.

त्यानंतरच्या एका रविवारी डिग्रजला सगळे जेवायला बसले होते. आप्पा शेजारच्या भूपालकाकांची गोष्ट सांगत होते, आणि आईला हसता हसता ठसका लागला. शीतलने भाकरी खाली ठेवली.

"काय?" त्याने विचारलं.

पद्मजाचा तळहात उठला. झटकला जाण्याच्या बेतात तो हवेत थांबला. मग तिने हात धुतले, पुसले, ताट बाजूला सारलं आणि सांगायला सुरुवात केली. भूपालकाकांनी आवाजावर चालणारा पंप बसवला. चालू म्हटलं की चालू, बंद म्हटलं की बंद. पण रोज पाणी मध्येच थांबायचं. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, दोष सापडेना. मग तिसऱ्या खेपेला त्याच्या लक्षात आलं: काका बांधावर गप्पा हाणत बसले की काकू घरातून ओरडायच्या, "बंद करा आता!", आणि काकांच्या तोंडाआधी पंप बंद व्हायचा. मध्येच तिला मागे जावं लागलं, कारण काकू घरात आणि पंप बांधावर हे तिने आधी मांडलं नव्हतं. सगळं सांगून होईस्तोवर आमटी गार झाली.

शीतलने विचार केला. "पंपसुद्धा बायकोचंच ऐकतो," तो म्हणाला. "एवढ्यासाठी ठसका लागला आईला?"

"एवढ्यासाठीच," पद्मजा म्हणाली.

"फालतू विनोद आहे."

"फालतूच आहे."

तो उठला, फोन भिंतीला टेकवला, आणि पडद्यावर रुबीना आली. शीतलने तिला तोच विनोद सांगितला. काकू इथे, पंप तिथे, मध्ये बांधावर बसलेले भूपालकाका, आणि शेवटी मुकाट्याने मान खाली घालून गप्प होणारा पंप. रुबीना हसून हसून पडद्याबाहेर गेली. पद्मजाशी बोलताना तो कधी असा रंगला नव्हता, तिला पुन्हा ते जुनं टोचलं, आणि टोचत असतानाच तिला हसू फुटलं. शीतलचे हात वाऱ्यासारखे चालले होते, आणि या वेळी तिला सगळंच्या सगळं कळत होतं.